सेकंड हँड ५३०डी: समृद्धीवर आणि घाटात चालवायला कशी, आणि घेताना काय बघायचं?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. बीएमडब्ल्यू ५३०डी सेकंड हँड घ्यायचा विचार पक्का होत आलाय. नवीन पाच सिरीज २०२४ पासून भारतात फक्त पेट्रोलमध्ये मिळते, त्यामुळे सहा सिलिंडरचं डिझेल हवं असेल तर वापरलेलीच गाडी शोधावी लागणार. समोर दोन पर्याय आहेत (एफ१०, जी३० हे कंपनीचे पिढ्यांचे कोड). एक जुनी एफ१० (२५८ हॉर्सपॉवर, ५६० न्यूटन मीटर) आणि दुसरी २०१७ नंतरची जी३० (२६५ हॉर्सपॉवर, ६२० न्यूटन मीटर). दोन्ही रिअर व्हील ड्राइव्ह, दोन्हीत आठ गिअरचा ऑटोमॅटिक.

वापर असा: नाशिकहून सिन्नरजवळ समृद्धीवर चढून नागपूर, हे नियमित. अधूनमधून ताम्हिणी किंवा आंबा घाटाने कोकण. उरलेले दिवस नाशिक शहरात पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या.

प्रश्न तीन. आकडे बाजूला ठेवले तर ही गाडी चालवताना नेमकी कशी वाटते, आणि छोट्या चार सिलिंडर डिझेलची सवय असलेल्या माणसाला काय बदलावं लागतं? घाटात, विशेषतः उतरताना, एवढा टॉर्क आणि ऑटोमॅटिक यांचा मेळ कसा घालायचा? आणि टेस्ट ड्राइव्हला काय तपासायचं? 'भारी गाडी आहे, घेऊन टाका' यापलीकडचं उत्तर हवंय.

सहासिलिंडर:

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिनाची लय. एका ओळीतले सहा सिलिंडर मुळातच संतुलित असतात. चार सिलिंडर डिझेलमध्ये १५००-१८०० आरपीएमला जी थरथर स्टिअरिंगमध्ये येते ती इथे नाही. थंड इंजिनाचा डिझेलचा कडकडाट बाहेर उभं राहिल्यावर ऐकू येतो, पण काचा वर असताना आत फक्त खर्जातली गुरगुर उरते. २५०० च्या पुढे आवाज भरदार होतो. डिझेलच्या मानाने तो खरोखर सुरेल आहे.

दुसरी गोष्ट गिअरिंगची. आठव्या गिअरमध्ये १०० च्या वेगाला इंजिन सुमारे १३०० आरपीएमवर असतं, १२० ला सुमारे १६०० वर (टायर आणि मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडेल). समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे प्रवासभर इंजिन जवळजवळ झोपेत चालतं. थकवा कमी येतो तो यामुळे. जी३० ची टाकी ६६ लीटरची आहे. समृद्धी पूर्ण ७०१ किलोमीटर असला तरी मध्ये डिझेल भरायची वेळ येत नाही.

इथे एफ१० आणि जी३० मधला एक फरक आकड्यांत दिसतो आणि पायालाही कळतो. एफ१० चं एन५७ इंजिन ५६० न्यूटन मीटर १५०० ते ३००० आरपीएमपर्यंत देतं. जी३० चं बी५७ जास्त टॉर्क देतं, पण तो २००० ते २५०० या पट्ट्यात. त्यामुळे १२० ला आठव्यात असताना एफ१० थेट आपल्या पट्ट्यात असते, आणि जी३० ला पूर्ण जोर हवा असेल तर सातवा लागतो (तिथे आरपीएम बरोबर २००० च्या आसपास येतात). गिअरबॉक्स हे आपणहून करतो, पण हलका पाय दिल्यावर एक गिअर खाली का गेला हा प्रश्न पडू नये म्हणून सांगितलं.

सवय कुठे बदलायची ते आता. छोट्या डिझेलमध्ये ओव्हरटेकला आपण अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, कारण त्याशिवाय काही होत नाही. इथे तसं केलं की गिअरबॉक्स तीन-चार गिअर एकदम खाली टाकतो, नाक वर उठतं आणि मागच्या सीटवरचे लोक दचकतात. अ‍ॅक्सिलरेटर एक तृतीयांश दाबून धरा आणि अर्धा सेकंद थांबा. टर्बोत दाब तयार झाला की पाय न हलवताही ओढ वाढत जाते. ८० वरून ओव्हरटेक करायचं असेल तर आधीच स्टिअरिंगमागच्या डाव्या गिअर पॅडलने पाचव्यात या. आरपीएम २१०० च्या आसपास येतात आणि जी३० चा सगळा टॉर्क हाताशी असतो.

शहरात एक खोड जाणवेल. १०-१५ च्या वेगाने गाडी घरंगळत असताना चौकात अचानक पाय दिला तर क्षणभर काहीच होत नाही, आणि मग सगळं एकदम येतं. त्या वेळी आरपीएम हजाराच्या आसपास असतात आणि टर्बो जागा झालेला नसतो. कम्फर्ट मोडमध्ये हे जास्त, स्पोर्टमध्ये कमी. पहिल्या पावसात रस्त्यावर तेलाचा थर असताना याच क्षणी मागची चाकं फिरतात. ट्रॅक्शन कंट्रोल सांभाळून घेतो, पण वळणात पाय हळूच द्यायची सवय लावा.

घाटवाट:

सहासिलिंडर यांच्याशी बहुतेक सहमत, पण ओव्हरटेकच्या सल्ल्यात एक दुरुस्ती सुचवतो. समृद्धीवर पाचवा गिअर योग्यच. पण ताम्हिणी किंवा आंबा घाटाच्या दोन पदरी रस्त्यावर, जिथे समोरून गाडी येऊ शकते, तिथे तो पुरेसा नाही.

हिशोब असा. २१०० आरपीएमला ६२० न्यूटन मीटर म्हणजे साधारण १८५ हॉर्सपॉवर. त्याच ८० च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन साडेतीन हजारांवर असतं. टॉर्क तिथे थोडा उतरलेला असतो, पण शक्ती अडीचशेच्या घरात जाते. चाकाला मिळणारा जोर शक्तीवर ठरतो, इंजिनाच्या टॉर्कवर नाही. म्हणजे 'डिझेल आहे, खालच्या आरपीएमला ओढतं' हे खरं असलं तरी कमीत कमी वेळ चुकीच्या बाजूला राहायचं असेल तर तिसरा किंवा चौथाच हवा. तो आधी टाका, मग बाहेर या. बाहेर आल्यावर किकडाऊन मारला (अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून गिअर खाली पाडला) तर गिअर बदलण्यातला वेळ नेमका जिथे नको तिथे जातो. ट्रकच्या मागे असतानाच लिव्हर डावीकडे ढकलून स्पोर्टमध्ये घ्या, दोन गिअर खाली या, रस्ता मोकळा दिसला की पाय द्या. ४००० आरपीएमच्या पुढे मात्र ओढत नेण्यात काही हशील नाही. शक्ती तिथे कळसाला असते, पुढे फक्त आवाज.

आता उतार. यात लोकांचा मोठा गैरसमज असतो. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त म्हणून इंजिन ब्रेकिंग भरपूर, असं गृहीत धरतात. प्रत्यक्षात दाबलेली हवा पिस्टनला परत खाली ढकलते, त्यामुळे ती ऊर्जा बरीचशी परत मिळते. पेट्रोल इंजिनात बंद थ्रॉटलमुळे जी पोकळी तयार होऊन इंजिन अडतं, तशी डिझेलमध्ये होत नाही. त्यात या गाडीचं गिअरिंग लांब आणि वजन पावणेदोन टनांच्या आसपास. सहाव्या-सातव्यात पाय काढून उतरलात तर गाडी वेग धरतच जाते.

म्हणून उतार सुरू होण्याआधी मॅन्युअलमध्ये तिसरा टाका. ६० च्या वेगाला आरपीएम २६००-२७०० राहतात आणि इंजिन खरोखर धरून ठेवतं. अवघड हेअरपिन वळणं असतील तर दुसरा, ४० ला सुमारे २८००. आकडे बघून घाबरू नका, उतरताना इंजिनावर भार नसतो. लिव्हर पुढे ढकलला की गिअर खाली आणि मागे ओढला की वर, हे या गाड्यांमध्ये इतर बऱ्याच ऑटोमॅटिकच्या उलट आहे. सपाटीवर दहा वेळा करून हात बसवून घ्या.

इको प्रो मोड घाटात पूर्ण बंद. त्यात कोस्टिंग असतं: पाय काढला की गिअरबॉक्स इंजिनाला चाकांपासून सोडवतो आणि गाडी न्यूट्रलसारखी घरंगळते. सपाट रस्त्यावर डिझेल वाचतं, उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत हलके दाबून धरू नका. एकदा नीट दाबून वेग उतरवा आणि सोडा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललेलं असलंच पाहिजे. ते हवेतली ओल शोषतं, उकळबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर पॅडल मऊ पडतं. सेकंड हँड गाडी घेतली की मागची तारीख न विचारता बदलून टाका.

चढ संपवून लगेच थांबलात तर मिनिटभर इंजिन चालू ठेवा, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपत नाही. स्टार्ट-स्टॉप चालू असेल तर ते इंजिन आपणहून बंद करेल, तेव्हा घाटात ते बटण बंदच ठेवा.

रेंच_तेरा:

गोदाकाठ, तुमच्या वापरातल्या शेवटच्या वाक्याकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलंय. 'शहरात पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या' हा या इंजिनाचा खरा शत्रू.

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. हायवेवर एक्झॉस्ट तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे गेला की थोडी काजळी आपोआप जळत राहते. उरलेली जाळायला इंजिन मुद्दाम जादा डिझेल टाकून तापमान ५५०-६५० अंशांपर्यंत नेतं. याला रिजनरेशन म्हणतात, पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि त्यासाठी इंजिन नीट तापलेलं असावं लागतं. सहा किलोमीटरच्या फेरीत हे तीन लिटरचं इंजिन जेमतेम कोमट होतं. रिजनरेशन सुरूच होत नाही किंवा अर्ध्यात तुटतं. तुटलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वर चढते. पातळी वाढलेली दिसली तर 'वा, तेल खात नाही' म्हणून खूश होऊ नका, ऑइल लगेच बदला. पातळ तेलाने आधी टर्बो आणि क्रँकचे बेअरिंग जातात.

रिजनरेशन चालू आहे हे ओळखायचं कसं? उभ्या गाडीत आयडल किंचित वाढलेला, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, तात्कालिक अ‍ॅव्हरेज नेहमीपेक्षा पडलेला, आणि गाडी बंद केल्यावर पुढचा पंखा जोरात फिरत राहतो, खालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. असं दिसलं आणि घर आलं असेल तर सरळ त्र्यंबक रोडला वळवून दहा-पंधरा मिनिटं ६० च्या वर चालवून आणा. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेची सोय असेल तर तुमच्या वापरात ही गाडी चालेल. तुमचं नागपूर नियमित आहे म्हणून 'घ्या' म्हणतोय. फक्त शहर असतं तर पेट्रोलच घ्या म्हटलं असतं.

रिजनरेशन अडवणाऱ्या दोन स्वस्त गोष्टी आधी तपासायच्या. एक, थर्मोस्टॅट उघडा अडकणं. या डिझेलमध्ये हे सर्रास होतं. कूलंट ८५-९० अंशांऐवजी सत्तरीतच राहतं, आणि ७५ च्या खाली रिजनरेशनला परवानगीच नसते. डॅशबोर्डवर काही दिवा लागत नाही. दोन, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे) किंवा त्यांचा कंट्रोलर. आपल्याकडे थंडी नाही म्हणून इंजिन तरीही झटकन सुरू होतं आणि बिघाड लपून राहतो, पण एन५७ मध्ये हा फॉल्ट असला की रिजनरेशन थांबतं. या दोन्ही गोष्टी न बघता डीपीएफच बदला म्हणणाऱ्या वर्कशॉपपासून सावध राहा. नवा डीपीएफ चढवला तरी तोही काही महिन्यांत तसाच भरणार.

आता टेस्ट ड्राइव्ह. गाडी बघायला जाताना मालकाला सांगा की आधी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. थंड स्टार्टला पहिले काही सेकंद मागच्या बाजूने, म्हणजे गिअरबॉक्सकडून, खरखर किंवा साखळी घासल्यासारखा आवाज येतो का ते ऐका. एन५७ आणि बी५७ दोन्हींची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या टोकाला आहे. साखळीचं काम निघालं तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. बीएमडब्ल्यूच्याच चार सिलिंडर एन४७ डिझेलइतकी ही तक्रार इथे सामान्य नाही, पण आवाज आला तर गाडी सोडून द्या, घासाघीस करत बसू नका.

आयडलला गाडी डी मध्ये, ब्रेकवर पाय, एसी चालू. सीटमधून थरथर जाणवली तर इंजिन माउंट गेलेत. एफ१० मध्ये क्रँक पुलीचं रबर वयाने तडकतं, टॉर्च मारून बघा. गिअर एक-दोन करताना किंवा पाय देता-काढताना मधून 'थड्' आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाची रबरी कपलिंग तपासा. एवढ्या टॉर्कने ती चिरते. भाग छोटा आहे, पण तुटला तर नुकसान मोठं.

जुलै २०१२ ते जून २०१५ मधली सहा सिलिंडर गाडी असेल तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) कूलरचं रिकॉल जरूर विचारा. कूलरमधून ग्लायकॉल गळून काजळीत मिसळतं, उष्णतेने ते धुमसतं आणि प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड वितळून आग लागू शकते, असं कारण कंपनीनेच २०१८ साली जाहीर केलं होतं. चासिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगतं की त्या गाडीला ते लागू होतं का आणि काम झालंय का. कूलंट थोडं थोडं कमी होत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल तर याच कूलरवर पहिला संशय.

गिअरबॉक्स झेडएफ या कंपनीचा, मॉडेल ८एचपी. उत्तम बॉक्स आहे, पण 'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर जाऊ नका. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं म्हणते. फिल्टर ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून पॅन अख्खा बदलावा लागतो. बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे, एकदाच वापरायचे. पातळी इंजिन चालू ठेवून आणि ऑइल ३० ते ५० अंश असताना बघायची, फिलर प्लगमधून पातळ धार यायला लागली की बंद. तापमान न मोजता भरणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नका. कमी भरलं की गिअर घसरतात आणि मग दोष बॉक्सला दिला जातो.

समृद्ध_वऱ्हाड:

टायरबद्दल कुणी बोललं नाही. समृद्धीवर नियमित जाणार असाल तर इंजिनाइतकंच हे महत्त्वाचं.

या गाड्या रनफ्लॅटवर येतात. हवा शून्य झाली तरी ८० च्या वेगाने ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं, त्यासाठी बाजूची भिंत जाड आणि ताठ असते. खड्ड्यात धक्का सरळ आत येतो तो यामुळे, सस्पेन्शनमुळे नाही. साधे टायर टाकले की तीच गाडी पुष्कळ मऊ होते, काँक्रीटवरचा गुणगुणाटही कमी होतो. मात्र मग बूटमध्ये स्टेपनी, जॅक आणि पाना हवा. समृद्धीवर दोन एक्झिटमधलं अंतर मोठं आहे आणि हव्या त्या मापाचा टायर मधल्या गावात मिळणं कठीण. निर्णय यावर घ्या. चारही चाकं एकाच प्रकारची ठेवा, पुढे साधे मागे रनफ्लॅट असं करू नका.

बऱ्याच एम स्पोर्ट गाड्यांना मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात (उदा. पुढे २४५, मागे २७५). त्यांची पुढे-मागे अदलाबदल होत नाही आणि टॉर्कमुळे मागचे लवकर झिजतात. घेताना मागच्या टायरचा आतला काठ हात घालून तपासा. बाहेरून चांगला दिसणारा टायर आतल्या बाजूला गुळगुळीत झालेला असतो. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष. पाच-सहा वर्षांपुढचा असेल तर खोबणी कितीही खोल असो, एप्रिल-मेमध्ये १२० ला काँक्रीटवर तो नको. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण एवढ्या रुंद टायरला पावसात पाण्यावर तरंगायला वेळ लागत नाही. ३ मिलिमीटरला बदला.

हवेचा दाब थंड टायरला, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे. तिथे कमी भार आणि पूर्ण भार असे वेगळे आकडे असतात. चार माणसं आणि सामान घेऊन नागपूरला निघताना पूर्ण भाराचाच आकडा ठेवा. कमी हवा म्हणजे टायरची भिंत सतत वाकते, तापते आणि फुटते. वाटेत थांबल्यावर गरम टायरमधली हवा 'जास्त झाली' म्हणून काढणं ही तर सगळ्यात घातक सवय.

अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्पर (मोडप्रमाणे मऊ-कडक होणारे शॉक अब्सॉर्बर) असलेली गाडी मिळाली तर जास्त पैसे देऊन घ्या. समृद्धीच्या सांध्यांवर कम्फर्ट आणि घाटात स्पोर्ट, हा फरक नुसता नावापुरता नाही. आणि गतिरोधकावर तिरकं चढा. जी३० चा व्हीलबेस २९७५ मिलिमीटर आहे, जमिनीपासून उंची बेताची. चार माणसं बसल्यावर आपल्याकडचे काही गतिरोधक पोटाला लागतातच.

गोदाकाठ:

खूप आभार सगळ्यांचे. आणखी तीन गोष्टी. मर्सिडीज ई क्लास ३५०डी पण बघतोय, मागच्या सीटवर आईवडील असतात म्हणून. चालवायला कितपत वेगळी? दुसरं, एका डीलरकडची एफ१० 'रीमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), ३२० हॉर्सपॉवर' म्हणून दाखवतायत, ते चांगलं की वाईट? तिसरं, रेंच_तेरा, स्कॅनर लावल्यावर नेमके कोणते आकडे बघू?

सहासिलिंडर:

ई ३५०डी बद्दल. भारतात २०१७ पासून आलेली ई क्लास लांब व्हीलबेसची आहे, ३०७९ मिलिमीटर. मागच्या सीटसाठी तिच्याशी ५३०डी ची तुलनाच होत नाही, आईवडील प्राधान्य असेल तर प्रश्न तिथेच संपतो. पण नाव एकच असलं तरी इंजिनं दोन आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत व्ही६ (२५८ हॉर्सपॉवर, ६२० न्यूटन मीटर), बीएस६ मध्ये नवं एका ओळीतलं सहा सिलिंडर (२८६ हॉर्सपॉवर, ६०० न्यूटन मीटर). दुसरं सरळसरळ जास्त शांत आणि जास्त उत्सुक. व्ही६ मध्ये दोन बँकांच्या मधे ऑइल कूलर असतो, त्याचे सील वयाने गळतात. भाग स्वस्त आहे, पण तिथपर्यंत पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं.

चालवताना फरक असा की ५३०डी चं स्टिअरिंग वळणात शिरताना लगेच उत्तर देते, वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटलेलं असल्याने गाडी तुमच्याभोवती वळते. ई क्लास थोडी उशिरा झुकते आणि मग स्थिर होते. समृद्धीवर ई क्लास जास्त सुखाची, आंबा घाटात ५३०डी. एअर सस्पेन्शनची ई क्लास बघत असाल तर रात्रभर उभी ठेवलेली गाडी सकाळी बघा. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर बेलो (हवेची रबरी पिशवी) गळतोय, आणि त्याच्या मागोमाग कॉम्प्रेसर जातो.

घाटवाट:

रीमॅपची गाडी सोडून द्या. ३२० हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क ६५० च्या पुढे गेलेला असणार, आणि एफ१० च्या गिअरबॉक्सची क्षमता ७०० न्यूटन मीटरच्या आसपास आहे. राखीव ताकद संपलेली असते. त्यात जास्त डिझेल म्हणजे जास्त काजळी. पुष्कळदा रीमॅपबरोबर डीपीएफ आतून रिकामा करून सॉफ्टवेअरमधून मिटवलेला असतो. असा बदल मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि गाडी तुमच्या नावावर झाली की उत्तर तुम्ही द्यायचं. एक्झॉस्टच्या नळीत बोट फिरवून बघा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते, बोटाला काळी काजळी लागली तर जाळी काढलेली आहे किंवा फुटलेली आहे.

रेंच_तेरा:

स्कॅनरचे आकडे, महत्त्वाच्या क्रमाने.

आधी कूलंटचं तापमान. वीस मिनिटं हायवेवर चालवून चालत्या गाडीतच वाचा. ८५ च्या वर टिकलं पाहिजे. मग शेवटच्या रिजनरेशननंतरचं अंतर आणि आधीच्या काहींमधलं सरासरी अंतर. चारशे-पाचशे किलोमीटर किंवा जास्त असेल तर छान. दीडशे-दोनशेच्या आत वारंवार येत असेल तर एकतर गाडी फक्त शहरात फिरली आहे किंवा इंजेक्टर, ईजीआर यातलं काहीतरी जास्त काजळी करतंय.

त्यानंतर काजळी आणि राख, हे दोन वेगळे आकडे. काजळी जळून जाते, राख जळत नाही. ती ऑइलमधून येते आणि कायमची साठते. ओडोमीटर ६० हजार दाखवतोय आणि राख दीड लाखाच्या गाडीएवढी असेल तर मीटर मागे फिरवलेला असण्याची शक्यता धरा. राख कमीत कमी व्हावी म्हणून ऑइल बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ-०४ मान्यतेचंच टाकायचं, सुमारे साडेसहा-सात लीटर लागतं. इंडिकेटर सांगेल त्याची वाट न बघता १०-१२ हजारांना बदला.

डीपीएफच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक आयडलला अगदी थोडा, काही मिलीबार असावा. गाडी उभी ठेवून २५०० आरपीएमला नेलं की तो हळूहळू वाढून स्थिर व्हायला हवा. झपाट्याने चढत राहिला तर जाळी भरलेली. इंजिन बंद असताना हा आकडा शून्यावर नसेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, तेव्हा आधी तो बदला.

इंजेक्टरच्या करेक्शनमध्ये (कुठल्या सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते) एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसतोय का ते बघा. सहाही एकमेकांच्या जवळ हवेत. आणि फॉल्ट मेमरी पूर्ण रिकामी, अगदी कोरी दिसली तर ती नुकतीच पुसली आहे का ते विचारा. एवढ्या वापरलेल्या गाडीत एखाद-दुसरी किरकोळ जुनी नोंद असतेच. पुसली असेल तर पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करायला सांगा. त्याला मालक तयार नसेल तर पुढची गाडी बघा.